गॉर्कीची आजी

दिवंगत आजीविषयी लिहिताना मराठी लेखणी बहुधा देव्हाऱ्यापाशी जाऊन थांबते. तुळशीवृंदावन, जपमाळ, सुरकुतलेला हात आणि अपार माया एवढी सामग्री जमली, की चित्र पुरे झाले असे लेखकास वाटते. शाळेतील ‘माझी आजी’ या निबंधापासून स्मरणिकेतील मृत्युलेखापर्यंत तीच एक आजी आपणांस पुनःपुन्हा भेटते. तिच्याविषयी आदर वाटतो. ओळख मात्र पटत नाही. म्हणून मॅक्झिम गॉर्कीच्या आत्मकथनातील आजीकडे थोडे निरखून पाहावेसे वाटते.

‘माझे बालपण’ (१९१३-१४) हा या आत्मकथनाचा पहिला खंड. वडील वारल्यावर लहानगा अल्योशा निझ्नी नोव्हगोरोद येथे आजोळी येतो. आजोबांचा कापड रंगविण्याचा धंदा, वाटणीवरून हातघाईवर आलेले मामा आणि नित्याची मारहाण असे ते घर. या घरातली आजी अकुलिना तपकीर ओढते, वोडकाही आवडीने घेते. तिचे नाक बेढब आहे. कारखान्यास आग लागते तेव्हा डोक्यावर पोते घेऊन ती ज्वाळांत शिरते आणि स्फोट होऊ नये म्हणून आतील रसायनाची बाटली उचलून आणते. बिथरलेल्या घोड्यासमोरही ती डगमगत नाही. हीच बाई रात्री झुरळाची चाहूल लागताच घाबरते आणि नातवाला उठवून ते मारावयास लावते! धैर्याला जोडून आलेली ही भीती लेखकाने गाळली असती, तर आजी थोर झाली असती, पण परकी झाली असती.

या खंडात आजी अखेरपर्यंत जिवंत आहे. तिच्या मृत्यूची हकीकत येते ती तिसऱ्या खंडात, ‘माझी विद्यापीठे’ (१९२३) मध्ये, आणि तीही थोडक्यात. १८८७ साली गॉर्की कझान येथे पावाच्या भट्टीत राबत असताना, दफन होऊन सात आठवडे लोटल्यावर, एका पत्राने त्याला ती वार्ता कळते. चर्चच्या पायऱ्यांवर भिक्षा मागताना म्हातारी पडली, पाय मोडला, जखम चिघळली. तिच्या भिक्षेवर जगणाऱ्या धडधाकट नातवंडांना डॉक्टर बोलावण्याचेही सुचले नाही. गॉर्की रडत नाही. आजी कशी होती हे कुणाला तरी सांगावे, एवढीच त्याची तळमळ. आणि ऐकणारे कुणी नसते. पुढे चेकॉव्हची १८८६ मधील कथा वाचताना त्याला ते दिवस आठवतात. त्या कथेतील गाडीवान पुत्रशोक अखेरीस आपल्या घोड्याला सांगतो. आपल्यापाशी घोडाही नव्हता, आणि भट्टीतल्या उंदरांना सांगावे हे त्या वेळी सुचले नाही, असे गॉर्की खेदाने नमूद करतो.

माझ्या मते ‘माझे बालपण’ या ग्रंथाचे मर्म येथे सापडते. त्या दिवशी ज्याला श्रोता मिळाला नाही, त्याने सव्वीस वर्षांनी तेच सांगणे वाचकांपुढे मांडले. आणि शोक न मांडता प्रथम आजीचे जगणे मांडले. मृत्यू मागाहून येतो, तोपर्यंत ती आपलीही आजी झालेली असते. म्हणून ते पत्र आपणांसही लागते.

यात भाबडी पूजा नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आजोबांच्या फटक्याने केसांतील पिना डोक्यात रुतल्या असताना आजी ते हसण्यावारी नेते आणि नातवास गप्प राहावयास सांगते. ही सोशिकता गॉर्कीला मान्य नाही. दुसऱ्या खंडात तर तिच्या सहनशीलतेच्या उपदेशाविरुद्ध तो उघड बंड करतो. जिच्यावर जिवापाड प्रेम केले तिच्याशी तिच्या मागेही वाद चालू ठेवणे, हा तिच्या स्मृतीचा अवमान नव्हे. उलट जिवंत माणसाशीच वाद घालता येतो.

आपले मृत्युलेख फसतात ते प्रेम उणे असते म्हणून नव्हे. ज्या गोष्टींमुळे ती आजी दुसऱ्या कुणाची होऊ शकली नसती, त्याच आपण आदरापोटी गाळतो. विद्यार्थ्यास ‘माझी आजी’ हा विषय देताना शिक्षकाने एवढेच विचारावे : ती कशास भीत असे? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याला विशेषणांची वाण पडली तरी चालेल.