रजोनिवृत्तीवरील वनौषधीविषयक लेखन : बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

स्त्रीच्या आयुष्यातील रजोनिवृत्ती हा स्वाभाविक टप्पा असला, तरी मराठी समाजात त्याविषयी उघड बोलण्याची प्रथा नव्हती. अंगाची लाही होणे, रात्री दरदरून घाम येणे, झोप न लागणे, चिडचिड, सांधेदुखी या तक्रारी स्त्रिया मुकाट्याने सोसत आल्या. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक आणि घरगुती औषधांची पुस्तके यांतून शतावरी, अशोक, ज्येष्ठमध, जवस, सोयाबीन यांची माहिती येऊ लागली, तेव्हा या मौनाला तडा गेला. हे या लेखनाचे निर्विवाद श्रेय होय. तथापि हे लेखन नेमक्या कोणत्या स्त्रीला उद्देशून केले जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बीड जिल्ह्याच्या संदर्भात तो टाळता येत नाही.

'नैसर्गिक' या शब्दाचे आकर्षण :

सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा आरंभ बाराव्या वर्षी व क्षय पन्नासाव्या वर्षी सांगितला आहे. हा क्षय तेथे वयाचा धर्म म्हणून येतो, व्याधी म्हणून नव्हे. आधुनिक काळात त्याला औषधोपचाराचा विषय बनविले गेले. २००२ साली अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील संप्रेरक उपचाराचा अभ्यास स्तनकर्करोग व हृदयविकाराच्या वाढीव धोक्यामुळे मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यानंतर संप्रेरकांविषयी भीती पसरली आणि जगभर वनस्पतींकडे ओढा वाढला. मराठी लेखनातही 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे सूत्र रूढ झाले.

हे सूत्र तपासून घेणे आवश्यक आहे. २०१६ साली ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सोयाबीनसारख्या वनस्पतींतील इस्ट्रोजेनसदृश घटकांमुळे अंगाची लाही होण्याचे प्रमाण थोडे कमी होते, पण रात्रीच्या घामात लक्षणीय फरक पडत नाही. जवसाविषयी १८८ स्त्रियांवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवस घेणाऱ्या व न घेणाऱ्या गटांत उल्लेखनीय अंतर आढळले नाही. जवस मराठवाड्याच्या शेतातले व चटणीतले धान्य आहे; आहार म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. मात्र आहार आणि औषध यांतील सीमारेषा हे लेखन पुसून टाकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो, हा इशाराही बहुधा गळून पडतो.

अशोकाचे उदाहरण बोलके आहे. महाविद्यालयांच्या आवारात दिसणारा उंच, सरळ वाढणारा वृक्ष 'अशोक' म्हणून ओळखला जातो, पण औषधी ग्रंथांतील सीता-अशोक तो नव्हे. झाडाचे नाव सांगून ओळख न सांगणारे लेखन वाचकाला चुकीच्या सालीपर्यंत नेऊ शकते. शिवाय अशोकारिष्टाचा परंपरागत उपयोग मुख्यतः अतिरक्तस्रावावर आहे. ज्या स्त्रीचे गर्भाशयच काढून टाकलेले आहे, तिला त्याचा सल्ला देण्यात कोणते औचित्य आहे?

बीडमधील वास्तव :

हा प्रश्न काल्पनिक नाही. जून २०१९ मध्ये राज्य विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशपातळीवर १५ ते ४९ वयोगटातील हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. चाळिशी न ओलांडलेल्या अनेक स्त्रिया यांत होत्या.

यामागील अर्थकारण सर्वपरिचित आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा पडला तर पैसे कापले जातात. फडावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाणी अपुरे. अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला कर्करोगाची भीती घातली गेल्याचे आणि तिने हंगामापूर्वी 'पिशवी' काढून घेतल्याचे अनेक वृत्तांतांतून पुढे आले.

भाषेतील संदिग्धता :

येथे बोलीभाषेकडे लक्ष द्यावे लागते. 'पाळी गेली' या एकाच शब्दप्रयोगात तीन भिन्न अवस्था सामावतात. पहिली, वयपरत्वे आलेली निवृत्ती. दुसरी, गर्भाशय काढले पण अंडाशय शाबूत आहेत. येथे पाळी थांबते, परंतु ती खरी रजोनिवृत्ती नव्हे, जरी ती पुढे लवकर येण्याचा संभव असतो. तिसरी, अंडाशयही काढले गेले. येथे रजोनिवृत्ती एकाएकी येते. पंचेचाळिशीपूर्वी असे घडल्यास हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका वाढतो. अशा स्त्रियांना, अन्य अडचण नसल्यास, नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक उपचार देण्याची वैद्यकीय शिफारस आहे. २००२ च्या ज्या अभ्यासातून भीती पसरली, तो ५० ते ७९ वयोगटातील स्त्रियांचा होता. तिशीतल्या ऊसतोड स्त्रीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. अंडाशयांचे काय झाले याची नोंद शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत असते. स्त्रीच्या बोलण्यात मात्र 'पिशवी काढली' एवढेच उरते.

वनौषधीविषयक लेखन या तीनही अवस्थांना एकच काढा सुचविते. त्याची खरी मर्यादा येथे आहे. काढ्याने कदाचित अपाय होणार नाही; पण हाडांची झीज होत असताना वर्षे निघून जातील.

निष्कर्ष :

१. रजोनिवृत्तीवरील वनौषधीविषयक लेखनाने मराठीत या विषयाला वाचा फोडली, हे त्याचे योगदान मान्य करावे लागते.

२. 'नैसर्गिक' हा शब्द पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. काही वनस्पतींचा लाभ मर्यादित आहे, काहींचा सिद्ध झालेला नाही.

३. या लेखनाची गृहीत वाचक पन्नाशीतील, स्थिर घरातील स्त्री आहे. फडावरची पस्तिशीतली स्त्री तिच्यात सामावत नाही.

४. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निर्देश दिले. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, त्यांच्या पुढील तीस-चाळीस वर्षांचा प्रश्न मात्र उरतोच.

म्हणून कोणती वनस्पती घ्यावी हे सांगण्यापूर्वी पाळी कशी गेली, हे विचारणारे लेखन मराठीत व्हावयास हवे. ऊसतोड कुटुंबांतील मुली आज जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकत आहेत. आईचे कागद वाचून दाखविण्याइतके बळ त्यांना वर्गातून मिळाले, तर या विषयावरील पुढचे लेखन अधिक सत्यनिष्ठ होईल.