धोटा आणि जात : मॉरिस यांच्या सिद्धान्ताचे परीक्षण

मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारवर्गाच्या घडणीवर मॉरिस डी. मॉरिस यांनी लिहिलेला ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. १८५४ ते १९४७ हा त्याचा कालखंड. जातिसंस्थेमुळे हिंदुस्थानात यंत्रोद्योगास मजूर मिळणे दुरापास्त झाले, हा तोवर रूढ असलेला समज या ग्रंथाने साधार खोडून काढला. गिरण्यांना मजुरांची वाण पडली नाही, आणि भिन्न जातींचे लोक एकाच छपराखाली कामास राहिले, हे मॉरिस यांचे प्रतिपादन मान्य करण्यासारखेच आहे.

अडचण येते ती त्यापुढे. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता, ही गोष्ट मॉरिस यांनाही नोंदवावी लागली आहे. परंतु त्यांच्या विवेचनात ती केवळ अपवाद म्हणून राहते. कांडी संपली की नवी कांडी घालून धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या उष्ट्या सुताचा विटाळ, हे बंदीचे कारण सांगितले जाई. परंतु विणाईचे वेतन कताईपेक्षा अधिक होते, हे लक्षात घेतले म्हणजे सोवळे आणि स्वार्थ यांची येथे पडलेली गाठ दृष्टीस पडते. शिवाय हाताने ओवता येणारे धोटे उपलब्ध होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाने तोंडाने सूत ओढण्याची पद्धत १९११ सालीच कायद्याने बंद केली. तेव्हा अडचण यंत्राची नव्हती. ती दूर करण्याची निकड कोणास वाटली नाही, एवढेच. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठविण्याची मागणी पुढाऱ्यांपुढे ठेवली, तेव्हा कामगारांचे ऐक्य हे ऐक्य कोणाकोणाचे, हा प्रश्न त्यांनी उघड केला.

मॉरिस यांच्या पद्धतीतील उणीव यातून स्पष्ट होते. त्यांचे परिमाण गिरणी हे आहे. ते खाते हवे होते. हजेरीपटावर नाव असणे आणि सर्व कामांची दारे खुली असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. मजुरांची भरती बव्हंशी जॉबराकडे सोपविलेली असल्यामुळे मालकास निःपक्षपाती राहिल्याचा देखावा करता येई. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले त्याप्रमाणे, कामगारांतील भेद हे केवळ गावाकडून आलेले अवशेष नव्हते. मालकांच्या धोरणाने व रोजगाराच्या अनिश्चिततेने ते पोसले गेले.

हा विचार केवळ इतिहासापुरता नाही. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पात्रता सारखी असूनही दलित व मुसलमान नावांच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून कमी प्रतिसाद मिळाल्याचे आढळले. मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या उद्योगवसाहतीमुळे नांदे, चांदे, माण या गावांच्या परिसरात नाना प्रांतांचा नोकरवर्ग एकत्र आला आहे. तेथील एखाद्या कचेरीत किती भाषा बोलल्या जातात, ही मोजणी सोपी आहे. तिच्या संगणकापुढे कोण बसतो, झाडू कोणाच्या हाती असतो, आणि कंत्राटदाराने नेमलेल्या माणसाची जबाबदारी कोण घेतो, ही मोजणी कठीण. पण खरी कसोटी तीच. विविधतेचे व्यवस्थापन म्हणून जे सांगितले जाते, त्याचे मूल्यमापन हजेरीपटावरून न करता खात्याखात्यांवरून केले पाहिजे. मॉरिस यांचा ग्रंथ या दिशेने वाचल्यास त्यातील अपवादच त्याचा सर्वांत बोधप्रद भाग ठरतो.