लिंगोगीत: संहिता आणि नाद

मिथकावर बेतलेल्या लोकसंगीत-अल्बमची समीक्षा बहुधा कथासूत्राच्या अंगाने होते. चाल ही केवळ कथेची वाहक ठरते. गोंडांच्या लिंगोगीताचा छापील इतिहास या गृहीतकाविषयी सावध करणारा आहे. स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेली संहिता रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८७१ मध्ये फोर्सिथ यांनी ती लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या छंदात इंग्रजीत आणली. तो छंदही मुळात फिनिश ‘कालेवाला’कडून उसना घेतलेला! गडचिरोलीलगतच्या बस्तरातील मुरिया ज्याला अठरा वाद्यांचा वादक मानतात, तो लिंगो असा दुहेरी परक्या लयीत बोलू लागला. कथा टिकली, नाद गेला.

चंद्रपूर-गडचिरोलीतील रेला गीतांत प्राधान्यक्रम उलटा आहे. एकाने ओळ म्हणावी, हात गुंफून नाचणाऱ्यांनी ती उचलावी; मधले ‘रेला’चे आवर्तन कथा पुढे नेत नाही, ते पावले जुळवते आणि पुढची ओळ सुचायला अवसर देते. सामूहिक रचनेचे स्थान तेच. ध्वनिमुद्रणाच्या आखीव वेळेत मात्र पुनरुक्ती समजून पहिली कात्री तिथेच लागण्याचा संभव असतो. लिंगोवरील अल्बममध्ये कथेचे एखादे प्रकरण गळाले तरी प्रस्तुत लेखकाची तक्रार नाही. हे आवर्तन गळाले, तर फोर्सिथ यांचीच आवृत्ती पुन्हा निघाली असे म्हणावे लागेल.