गाळलेल्या जागांचं संगीत

यूट्यूबवर प्राचीन ग्रीक संगीत शोधलं की सेकिलोसचं गाणं हमखास सापडतं. बऱ्याच ध्वनिमुद्रणांचा मसाला एकच असतो: एक लायर आणि भरपूर घुमारा. घुमारा आला की आपल्याला ते जुनं वाटू लागतं. पण त्यात अस्सल किती?

सेकिलोसपुरतं बोलायचं तर बरंच. तुर्कस्तानात आयदीनजवळ सापडलेल्या या स्मृतिस्तंभावर शब्द आहेत, शब्दांवर स्वरांची अक्षरं आहेत, लयीच्या खुणाही आहेत. मधल्या काळात कुंडीला बैठक म्हणून त्याचा तळ घासला गेला आणि शेवटची ओळ गेली, पण गाणं वाचलं. अलिपिअस या ग्रंथकाराच्या कोष्टकांमुळे ही अक्षरं वाचता येतात. म्हणजे चाल आणि लय हाती आहे. वेग, साथ आणि आवाजाची फेक गाणाऱ्याने ठरवायची.

ही भर प्रत्येक काळ आपापल्या कानाने घालतो. डेल्फीला 1893 साली दगडावर कोरलेलं अपोलोचं स्तोत्र सापडलं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये, आधुनिक ऑलिम्पिकची पायाभरणी करणाऱ्या परिषदेत, ते गाब्रिएल फोरेने रचलेल्या साथीसह गायलं गेलं. ती साथ एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सची होती. आज आपण त्यावर हसतो. आपला घुमारा मात्र आपल्याला खटकत नाही.

ग्रेगोरिओ पानियाग्वाची 1979ची तबकडी याच्या उलट टोकाची. सुरुवातीलाच कानठळ्या बसवणारा आवाज येतो, आणि हा एका माणसाच्या कल्पनेचा खेळ आहे हे लगेच समजतं. मला हा मोकळेपणा आवडतो. तक्रार एवढीच की ऐकून झाल्यावर गोंगाट लक्षात राहतो, चाल नाही.

ऑक्सफर्डच्या आर्मांड डँगूर यांनी 2017 साली केलेला प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात गायकवृंदाबरोबर औलोस वाजतो. औलोस म्हणजे एकाच वेळी फुंकायच्या दोन नळ्या, तोंडाशी सनईसारखी पत्ती. त्याचा धारदार, न थांबणारा सूर ऐकला की लायरवाली गुळगुळीत ग्रीक प्रतिमा मोडते. युरिपिडीजच्या 'ओरेस्टेस'मधल्या तुकड्यात विलापाच्या शब्दावर चाल खाली उतरते, हे डँगूर दाखवून देतात आणि ते कानाला पटतं.

अडचणही इथेच आहे. तो पपायरस फाटका आहे, ओळींची टोकं गेलेली आहेत. उरलेल्यातली काही चिन्हं अर्ध्या स्वरांच्या अंतराने वाचायची की पाव स्वरांच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. गायकवृंदाला मात्र एकच वाचन गावं लागतं. गाणं सलग चालू असताना युरिपिडीजच्या नाटकाचा कागद कुठे संपला आणि आजच्या अभ्यासकाची पूर्ती कुठे सुरू झाली, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. प्रयोग जितका सुरेल, तितका हा सांधा अधिक बुजतो.

म्हणून मला एकाच मैफलीत दोन वेळा गाणं हवं आहे. आधी जेवढं उरलंय तेवढंच, फाटल्या जागी शांतता ठेवून. मग भर घालून, हवं तितकं सजवून. दुसऱ्या वेळी आपण अधिक रमू, यात शंका नाही. पण काय हरवलंय हे पहिल्या वेळीच कळेल.