व्हॉल्व्हचे चार आकडे: तक्त्यात लिहिले, पण वापरले का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाइडना माझा पहिला मसुदा दिला. त्यातल्या एका तक्त्याभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला एकच प्रश्न लिहून परत पाठवला: "हे आकडे तू पुढे कुठे वापरलेस?" खरं सांगायचं तर कुठेच नाही. दुसऱ्या एका पेपरातून उचलून आणले होते, तक्ता भरल्यासारखा दिसावा म्हणून. तुम्ही इंजिनवर संशोधन करायच्या तयारीत असाल तर तुमच्याही हातून हेच होण्याची दाट शक्यता आहे, म्हणून आज थोडं परखड लिहितेय.

इंजिन तुमच्या ओळखीचंच आहे. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं (स्थापना १९४६) टीव्ही-१: एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, डिझेलवर चालणारं. बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, कॉम्प्रेशन रेशो १७.५, वेग १५०० आरपीएम. बायोडिझेलवरचे भारतीय पेपर काढून बघा, हे इंजिन पुन्हा पुन्हा भेटेल. आणि त्याच्या तक्त्यात बहुतेक वेळा हे चार आकडे असतात: इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या ४.५° आधी उघडतो, बीडीसीनंतर ३५.५° ला बंद होतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या ३५.५° आधी उघडतो, टीडीसीनंतर ४.५° ला बंद होतो.

आधी हे आकडे काय सांगतात ते बघू. दोन्ही व्हॉल्व्ह प्रत्येकी २२०° उघडे राहतात आणि ओव्हरलॅप फक्त ९°. म्हणजे सौम्य टायमिंग. तसं असण्याला कारण आहे. हे इंजिन एकाच वेगाने चालायचं आहे. चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएमच लागतात. मी राहते त्या लोणी काळभोरात तेलाच्या डेपोंकडे जाणारे टँकर सोलापूर रस्त्यावर सतत गिअर बदलत असतात. त्यांच्या इंजिनाला कमी वेगालाही आणि जास्त वेगालाही हवा पुरवायची असते. टीव्ही-१ ला तो प्रश्नच नाही. शिवाय डिझेलमध्ये टीडीसीला पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो, तिथे व्हॉल्व्ह जास्त उघडा ठेवायला जागाच नसते. थोडक्यात, टायमिंगमध्ये खोट नाही. माझी तक्रार आपण ते कसं वापरतो याबद्दल आहे.

पहिली तक्रार: "उघडतो" म्हणजे नेमकं कधी? कॅमने टॅपेट क्लिअरन्स भरून काढून व्हॉल्व्ह सीटवरून सुटला तेव्हा, की लिफ्ट १ मिमी झाली तेव्हा? कॅमचा उतार सुरुवातीला मुद्दाम मंद ठेवलेला असतो, त्यामुळे या दोन व्याख्यांत कित्येक अंशांचा फरक पडतो. ९° च्या ओव्हरलॅपला हा फरक सहज गिळून टाकू शकतो. तरी मी वाचलेल्या बऱ्याच पेपरांत लिफ्टचा संदर्भ दिलेलाच नाही. संदर्भाशिवाय अर्ध्या अंशापर्यंतची अचूकता लिहिणं म्हणजे नुसता देखावा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. तक्त्यात कॉम्प्रेशन रेशो १७.५ लिहितो आणि त्याच्याच खाली ३५.५° लिहितो, पण या दोन ओळी एकमेकींशी बोलतात हे विसरतो. इनटेक व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत हवा कोंडलेलीच नसते. कनेक्टिंग रॉड २३४ मिमी धरून स्वतः गणित करा: बीडीसीनंतर ३५.५° ला पिस्टन टीडीसीपासून सुमारे १०२ मिमी अंतरावर असतो. क्लिअरन्सची उंची ११० भागिले १६.५, म्हणजे ६.६७ मिमी. तिथून मोजलेला रेशो येतो साधारण १६.३. सुरुवातीचं तापमान ३२० केल्व्हिन आणि पॉलिट्रॉपिक घातांक १.३५ घेतला तर १७.५ ने कॉम्प्रेशनच्या शेवटी ८७१ केल्व्हिन मिळतात, १६.३ ने ८५० च्या आसपास. वीसेक केल्व्हिनचा फरक. इग्निशन डिले तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो, त्यामुळे "वीसच तर आहेत" म्हणून सोडून देता येत नाही.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. आत येणाऱ्या हवेला स्वतःचा वेग असतो, पिस्टन वर येऊ लागला तरी ती थोडा वेळ आत येत राहते. व्हॉल्व्ह उशिरा बंद करतात तो त्यासाठीच. त्यामुळे १६.३ हाही अंतिम आकडा नाही. आणि तुम्ही एकाच इंजिनवर डिझेल आणि करंजाचं बायोडिझेल यांची तुलना करत असाल, तर ही चूक दोन्हीकडे सारखीच राहते. तुलना बऱ्यापैकी टिकते. गोची होते ती सिम्युलेशनमध्ये. बीडीसीपासून १७.५ ने कॉम्प्रेशन सुरू करायचं, दाब प्रयोगापेक्षा जास्त आला की उष्णताऱ्हासाचा गुणांक थोडा वाढवायचा, आणि आलेख जुळला की "मॉडेल प्रमाणित झालं" असं लिहायचं. चूक गेलेली नसते, फक्त दुसऱ्या गुणांकात लपलेली असते. इंधन बदललं की ती पुन्हा डोकं वर काढते.

वेगवान इंजिनात हे दुर्लक्ष लगेच पकडलं जातं. २०१२ मध्ये आलेली बजाजची पल्सर २०० एनएस घ्या: ७२ गुणिले ४९ मिमी, चार व्हॉल्व्ह, कमाल ताकद ९५०० आरपीएमला. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १५.५ मीटर, टीव्ही-१ मध्ये ५.५. एवढ्या वेगात व्हॉल्व्हची वाट अपुरी पडली की सिलिंडर नीट भरत नाही आणि ताकद पडलेली दिसते. आपलं संथ इंजिन आपल्याला माफ करत राहतं, म्हणून आपण सुस्तावतो.

तर तुम्ही काय कराल? जॉन हेवूड यांच्या 'इंटर्नल कम्बशन इंजिन फंडामेंटल्स'मधलं वायू-विनिमयाचं सहावं प्रकरण आधी वाचा. मग एक दुपार काढा: फ्लायव्हीलवर अंशांची चकती, व्हॉल्व्हवर डायल गेज, आणि हाताने इंजिन फिरवत दर पाच अंशांना लिफ्ट लिहून घ्या. बंद व्हायच्या आसपास दर अंशाला. मी ते केलं तेव्हा कुठे माझ्या तक्त्यातल्या चार ओळी माझ्या झाल्या. मॉडेलची सुरुवात मी बीडीसीवरून हलवून व्हॉल्व्ह बंद होण्याच्या क्षणावर आणली, आणि मसुद्यातले दोन परिच्छेद खोडावे लागले.

वाईट वाटलं, पण व्हायव्हाला परीक्षकांनी विचारल्यावर खोडण्यापेक्षा ते बरं.