कठड्यातील कला

‘शोभेची कला’ आणि ‘खरी कला’ असा भेद आपण सहज करून टाकतो. पुतळ्याच्या शिल्पकाराचे नाव विचारले जाते. जिन्याचा कठडा कोणी घडविला, हे मात्र कोणी विचारीत नाही. हा भेद कितपत न्याय्य आहे, याचे उत्तर तळेऱ्याच्या वाचकाला दूर शोधावयास नको. वैभववाडीस वा कणकवलीस गाडीत बसून मुंबई गाठणाऱ्या आपल्या माणसांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस परिचयाचे आहे.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ही वास्तू १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. तिच्यातील लोखंडी व पितळी कठडे, तिकीट खिडक्यांच्या जाळ्या आणि भव्य जिन्याचे कठडे जवळच्याच सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडविले. या शाळेत शिल्पासाठी लॉकवुड किपलिंग, सजावटी चित्रकलेसाठी जॉन ग्रिफिथ्स आणि नक्षीदार लोहकामासाठी हिगिन्स असे तीन शिक्षक १८६५च्या सुमारास आले होते. लोहकामाला चित्र-शिल्पाच्या पंक्तीत बसविले गेले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. श्रेय बहुधा किपलिंग यांना दिले जाते. परंतु ते १८७५ सालीच लाहोरला गेले होते.

या कामाचे मर्म तंत्रात आहे. ओतीव लोखंड साच्यातून निघते. म्हणून त्याचे शंभर तुकडे एकसारखे असतात. घडीव लोखंड मात्र भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकावे लागते. लाल आहे तोवरच वाकवावे लागते. त्याच्या वेलांटीत हाताचा निर्णय उरतो. दगडी जिन्याच्या जडपणाला अशा पोकळ, सळसळत्या रेषा हलकेपणा देतात आणि चढणाऱ्याच्या हाताला आधारही देतात. येथे सौंदर्य आणि सेवा वेगळी करता येत नाहीत.

दोष सांगावयाचा तर शैलीचा. वास्तूचा साचा व्हिक्टोरियन गॉथिक, म्हणजे परक्या मातीचा. शिवाय विद्यार्थ्यांना दुसऱ्याच्या आराखड्याच्या चौकटीतच काम करावे लागले. सर्वांत मोठी उणीव ही, की २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या या वास्तूत स्टीव्हन्स यांचे नाव सर्वमुखी आहे. घण उचलणाऱ्या हातांची नावे सामान्य प्रवाशाला ठाऊक नाहीत.

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. गावातील चर्चचे जुने कठडे, वेदीपुढील जाळी, कबरीवरचे लोखंडी क्रूस गंजले म्हणून भंगारात जातात आणि त्यांच्या जागी चकचकीत स्टीलच्या नळ्या येतात. गंज खरवडून रंग देता येतो. गेलेला हात परत आणता येत नाही. म्हणून जुना कठडा काढण्यापूर्वी त्यावरून एकदा बोटे फिरवून पाहावीत. घणाचे ठसे हाताला लागले, तर तो मोडीचा माल नव्हे. ते कुणा अनाम कारागिराचे हस्ताक्षर होय.