ट्रिपल-ए गेम मोठा ठरतो तो कशावर?

‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये आर्थर मॉर्गनची दाढी दिवसागणिक वाढते. बंदूक वेळच्या वेळी पुसली नाही, तर तिचा मारा कमी होतो. शिकारीचं कातडं काढायला तो खाली वाकतो, चाकू चालवतो, मग ते उचलून घोड्यावर टाकतो. २०१८ साली आलेल्या या गेमसाठी सुमारे १,२०० कलाकारांनी अभिनय केला. यातला कितीतरी तपशील कथेला लागत नाही. पण असा न लागणारा तपशील परवडणं, हीच ट्रिपल-ए गेमची पहिली खूण.

हे बिरुद कुठली संस्था देत नाही. पैसा, माणसं आणि जाहिरात यांच्या जोरावर ते मिरवलं जातं. खर्चाचे आकडे कंपन्या एरवी गुलदस्त्यातच ठेवतात. २०२३ मध्ये मात्र मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीने दिलेल्या कागदांवर आकडे झाकायला फिरवलेली काळी शाई पुरेशी गडद नव्हती. खालचे आकडे वाचता आले: ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी.

एवढी रक्कम पणाला लागली की धाडस आटतं. म्हणूनच तीच नावं पुढचा क्रमांक लावून परत येतात. आणि पैसा ओतून दर्जा येतोच असं नाही. युबिसॉफ्टच्या प्रमुखांनी २०२४ मध्ये ‘स्कल अँड बोन्स’ला चक्क चौथा ‘ए’ बहाल केला. समीक्षकांना तो बेताचाच वाटला. त्याच वर्षी सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण तो घडवणारा स्टुडिओच पुढे बंद पडला.

या उद्योगाचा एक धागा पुण्या-मुंबईपर्यंत येतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याचं काम युबिसॉफ्टने इथल्या स्टुडिओंवर सोपवलं होतं. इतक्या गाजलेल्या नावाची धुरा इथे यावी, ही मोठीच गोष्ट होती. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ट्रेलर आला, चेहरे आणि प्रकाशयोजना जुनाट असल्याची टीका झाली आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. प्रेक्षकांची नजर आता महागड्या चित्रांना इतकी सरावली आहे, की त्याहून कमी काही दिसलं तर ते लगेच नापास ठरतं.

फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉल स्टुडिओने मात्र ही सवय मोडून काढली. सुमारे ३० जणांच्या मुख्य चमूने घडवलेला ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३’ २०२५ चा सर्वोत्कृष्ट गेम ठरला. बाहेरच्या कलाकारांची मदत त्यांनीही घेतली, तेव्हा ३० हा आकडा पूर्ण हिशेब नव्हे. पण खर्च कुठे करायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळीकडे मोकाट भटकता येईल असं जग उभारण्याऐवजी त्यांनी बहुतेक ठिकाणी अरुंद, आखीव वाटा ठेवल्या आणि सारी ताकद संगीत, अभिनय आणि लढतीच्या तालावर लावली.